दुसरा स्पीकर

"दादा, टेक. टेक म्हणतो ना!"

धाकटा सातव्या पायरीवर मटकन बसला. मास्तरांनी घाईघाईने आपल्या बाजूचं टोक खाली टेकवलं. दोघांच्या मध्ये ती काळी पेटी, मास्तरांच्या गिटारचा अ‍ॅम्प. आत दोन स्पीकर शेजारी शेजारी, वजन बत्तीस किलो. बँडमध्ये त्याला सगळे जावई म्हणत. का, तर दोघांनी उचलल्याशिवाय येत नाही, आणि आला की जागा अडवून बसतो. सव्वीस वर्षं हे दोघे भाऊ त्याला उचलत होते. मास्तर गिटार वाजवत, धाकटा ड्रम.

"कमरेत कळ गेली," धाकटा दात आवळून म्हणाला. "पायात मुंग्या आल्यात."

"अकराच राहिल्यात पायऱ्या."

"पायऱ्या अकरा राहिल्यात, मणके किती राहिलेत ते विचार."

वर हॉलच्या दारात गायिका येऊन उभी राहिली. अकरा वर्षांची असताना तिने पहिला सूर मास्तरांच्या गिटारवर छेडला होता. आता बँड तिचा होता आणि मास्तर तिच्या बँडमध्ये. याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. वाटत असलं तरी ते बोलून दाखवत नसत.

"सर, किती वेळा सांगितलं, एका स्पीकरवाला आणा. एका हातात येतो. काकांचं बघा काय झालंय."

"एकाचा आवाज समोर सरळ जातो. दोघांचा पसरतो," मास्तर म्हणाले.

तिच्यामागून साउंडवाला डोकावला. "अहो मास्तर, पसरवायला माझे एवढे मोठे भोंगे टांगलेत ना! तुमच्या अ‍ॅम्पपुढे मी माइक लावतो, तोही एकाच स्पीकरपुढे. मग दुसरा कुणासाठी वाजतो?"

मास्तर जावयाच्या जाळीवरची धूळ पुसायला लागले.

जावई पायऱ्यांवरच राहिला. साउंडवाल्याने आपला छोटा, एका स्पीकरचा अ‍ॅम्प स्टेजवर आणून ठेवला. कार्यक्रमाला तास उरला होता. खुर्च्या रिकाम्या होत्या. धाकटा कमरेला ओढणी घट्ट बांधून ड्रमपाशी बसला. ओढणी गायिकेने काढून दिली होती.

गायिकेच्या पट्टीला गिटार चढवायची म्हणजे गिटारच्या मानेवर ठरलेल्या घरात कॅपोचा चिमटा लावावा लागतो. मास्तरांनी तो लावला आणि गाणं सुरू झालं. त्यांना ड्रम ऐकू येत होते, आणि मागून कुठूनतरी आपल्या तारांची कुजबुज. तारा वाजताहेत एवढं कळत होतं. काय वाजताहेत, ते नाही. बोटांना रस्ता पाठ होता, म्हणून ते नेहमीसारखे हसतमुखाने वाजवत राहिले.

ड्रम थांबले. मग कीबोर्ड थांबला. शेवटी मास्तर थांबले.

कॅपो तिसऱ्या घराऐवजी दुसऱ्या घरात होता. अख्खं कडवं ते अर्ध्या सुराने खाली वाजवत होते. नवशिक्याच्यासुद्धा अंगावर काटा आला असता.

"सर," गायिकेचा आवाज बारीक झाला, "अ‍ॅम्प बदलायला लावला म्हणून राग असेल तर माझ्यावर काढा. गाण्यावर नको."

म्हणजे तिला हा रुसवा वाटला. मास्तरांना आतून हायसं वाटलं. रुसका म्हणवून घेणं परवडलं. ते मान खाली घालून कॅपो सरकवायला लागले. गायिका ताडताड पाय आपटत आतल्या खोलीत गेली.

धाकटा ड्रमचा आधार घेत उठला आणि त्यांच्या डावीकडे येऊन हळूच काहीतरी बोलला. मास्तर कॅपोच बघत राहिले. धाकटा फिरून उजवीकडे आला.

"कधीपासून, दादा?"

"काय कधीपासून?"

"मी आत्ता तुला गाढव म्हणालो. तू साधं वळूनही बघितलं नाहीस."

मास्तरांना हसू आलं आणि ते लगेच विरलं. "डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला. उजवाही उतरलाय. जावयाचा एक स्पीकर माइकला देतो, दुसरा या कानाच्या रेषेत धरतो. आवाज मोठा असतो, छातीतही लागतो. तेवढ्यावर भागतं."

"वहिनीला ठाऊक आहे?"

"टीव्ही मोठा लावतो म्हणून भांडते. हाकेला ओ दिली नाही की तिलाही रुसवाच वाटतो."

धाकट्याने कमरेची गाठ आवळली. "चल. अकरा पायऱ्या. तू खालून धर, मी वर खेचतो. कुणाला कळायचं नाही."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. ओठ पांढरे पडले होते, डावा पाय अजून नीट टेकत नव्हता. हा उचलेल. आज उचलेल, पुढच्या आठवड्यातही उचलेल, आणि एक दिवस पायरीवरून उठणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती झाकायला धाकट्याची कंबर लागत होती.

"बस तू," ते म्हणाले आणि आतल्या खोलीकडे गेले.

दार उघडंच होतं. "पोरी, रुसलो नव्हतो मी," मास्तर दारातूनच म्हणाले. "मला ऐकू आलं नाही."

गायिकेने मान वर केली. आधी काही कळलं नाही, मग कळलं. तिने तोंडावर हात धरला.

"साथ देईन. तेवढं या छोट्यावर निभेल, कानाला लावून बसतो. मधला, एकट्याने वाजवायचा तुकडा मात्र कीबोर्डवाल्याला दे."

"सर, तो तुकडा तुमचा आहे. लोक त्याच्यासाठी..."

"म्हणूनच."

हॉल भरला तेव्हा छोटा अ‍ॅम्प एका खुर्चीवर होता आणि मास्तर त्याला कान लावून, लोकांकडे पाठ करून बसले होते. पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "काय तरी बाई, घमेंड बघा!" त्यांना ते ऐकू गेलं नाही.

तिसऱ्या गाण्यात मधला तुकडा आला. कीबोर्डवाल्याने तो बिनचूक उचलला. मास्तरांचा उजवा हात मांडीवर होता. डावा हात मात्र गिटारच्या मानेवर चालत राहिला, एकेक तार दाबत, सोडत, एकही घर न चुकवता. मागे धाकट्याने ड्रमचा आवाज अगदी खाली आणला, आणि ती बोटं थांबेपर्यंत तो त्यांच्यावरच नजर ठेवून वाजवत राहिला.