आधी पुरलेला पाय

माझ्या सासऱ्यांचा उजवा पाय त्यांच्या आधी पुरला गेला. साखरेच्या आजारानं तो अंगठ्यापासून काळा पडत चालला होता. गुडघ्याखाली कापावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाबांनी एकच अट घातली, की पाय आम्हाला परत मिळाला पाहिजे. शेवटचा कर्णा वाजेल, कबरी उघडतील आणि माणूस देहानिशी उठेल, हे ते इतक्या सहज सांगायचे, जसं कुणी उद्या दुकान उघडणार असं सांगावं. पाद्रीसाहेब समजूत घालायला आले. म्हणाले, मातीतून माणूस घडवणाऱ्याला तुकड्यांची कसली अडचण? बाबा जन्मभर सुतारकाम केलेले. म्हणाले, "साहेब, नवा तुकडा बसवता येतो, पण सांधा दिसतोच." पाद्रीसाहेब चहा संपवून उठले.

पायासाठी पेटी बाबांनी स्वतःच केली. आमच्या कारखान्यात सोफ्यांना कापड चढवायचं काम माझं, म्हणून उरलेल्या मखमलीचं अस्तर मी लावलं. शस्त्रक्रिया झाल्यावर माझा नवरा ती पेटी घेऊन दवाखान्यात गेला आणि झाकण ठोकूनच घरी आला. "उघडू नका, बघवणार नाही," म्हणाला. सासूबाईंची कबर थोडी उकरून आम्ही ती पेटी त्यांच्या कुशीला ठेवली. बाबा चाकाच्या खुर्चीत बसून बघत होते. "लोक नुसतं म्हणतात, एक पाय कबरीत," ते हसून म्हणाले, "माझा खरोखरच आहे." सगळे हसले. माझा नवरा तेवढा हसला नाही, पण मला वाटलं, त्याचा स्वभावच तसा. बाबा त्याला लोण्या म्हणायचे, कारण तो कशानंही वितळायचा.

महिनाभर बरं चाललं. मग एका दुपारी जेवता जेवता बाबांनी ताट सारलं आणि म्हणाले, "सूनबाई, पाय जळतोय."

"कुठला, बाबा?"

"नसलेला."

डॉक्टर म्हणाले, असं होतं, पाय गेल्याचं मेंदूला उमगत नाही. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, आग थांबली नाही. बाबा रिकाम्या जागेवर ओला टॉवेल टाकायला सांगायचे. मी टाकायची. टॉवेल गादीवर सपाट पडायचा आणि बाबा म्हणायचे, अजून खाली, घोट्यापाशी. त्या जागी काहीच नव्हतं, तरी तिथे हात लावायची मला भीती वाटायला लागली. मी काही भित्री बाई नाही. कारखान्यातल्या चार पुरुषांना मी एका आवाजात गप्प करते.

"पुरलेला पाय गार मातीत आहे ना?" एकदा त्यांनी मला विचारलं. "मग जळतोय कसा?" मी काही बोलायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं. "न्याय झाला त्याचा. त्या पायानं मी कुठे कुठे गेलोय, ते प्रभूला ठाऊक. बाकीच्या देहाची वाट न बघता त्याला आगीत टाकलं."

अशात डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. लगेच कापला तर माणूस वाचायची आशा आहे, नाहीतर विष वर चढेल. बाबा म्हणाले, नाही. "एक आगीत गेला. दुसराही पाठवू? निदान एका पायावर तरी उठेन मी." आम्ही हातापाया पडलो, रागावलो, पाद्रीसाहेबांना पुन्हा बोलावलं. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. काळेपणा अंगठ्यावरून पंजावर आला. खोलीत एक गोड, कुजका वास भरून राहिला, तो खिडकी उघडली तरी जाईना.

मी स्वयंपाकघरात येऊन नवऱ्यावर आग पाखडली. "मुलगा आहेस ना त्यांचा? सांग काहीतरी! ते पायाला नरकात बघतायत आणि तू नखं खातोयस!"

तो ओट्याला टेकून उभा होता. म्हणाला, "जळालाच आहे तो."

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं सांगितलं. तो पेटी घेऊन पोहोचला तेव्हा दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर पाय मागच्या भट्टीत गेलेला होता. रिकामी पेटी घरी न्यायची हिंमत झाली नाही. येताना कारखान्यात शिरला आणि हाताला आलं ते सागवान चादरीत गुंडाळून पेटीत घातलं.

माझ्या अंगावर काटा आला. खोटं बोलला म्हणून नाही. खोटं काय, सगळीच माणसं बोलतात. पण हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि म्हाताऱ्याला मात्र पाय जळतोय हे कळत होतं.

"चल," मी म्हणाले. "तू सांग, नाहीतर मी सांगते."

"ते मरतील गं ऐकून."

"न ऐकता मरतायतच."

त्यानं बाबांच्या उशाशी उभं राहून सगळं सांगितलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. पण ते हसत होते. "म्हणजे नरक नव्हे. दवाखाना!" कितीतरी दिवसांनी त्यांनी मोठा श्वास घेतला. "राख झाली म्हण की. राखेला प्रभू ओळखतो. राख त्याला नवी नाही." हसता हसता ते थांबले. "मग पेटीत काय आहे?"

"पाय," नवरा पुटपुटला. "टेबलाचा."

"कुठल्या टेबलाचा?"

"ते तडा गेलेलं. गोल."

"म्हणजे माझी लाकडं पुढे गेली," बाबा म्हणाले, पण आता चेहऱ्यावर हसू नव्हतं. "तुझ्या आईच्या कुशीत तू लाकूड ठेवलंस. ती उठेल आणि मला चाचपेल, लोण्या. तिच्या हाताला काय लागेल?"

माझा नवरा खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. बाबांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, "कापायला सांग. पण हा पाय तू घेऊन जायचास. भट्टीपर्यंत. त्याच आगीत जाऊ दे, दोघांना एकमेकांना शोधायला नको. पूर्ण होईपर्यंत उभा राहा आणि मला येऊन सांग. खरं सांग."

शस्त्रक्रिया झाली, पण उशीर झाला होता हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नवरा गुंडाळलेला पाय दोन्ही हातांवर घेऊन मागच्या जिन्यानं गेला. मी बाबांजवळ बसले. बाहेर लख्ख ऊन होतं, व्हरांड्यात कुणीतरी फरशी पुसत होतं. चादर गुडघ्यांखाली दोन्हीकडे सपाट होती.

बाबांनी डोळे उघडले. "पेटली," म्हणाले.

"काय, बाबा?"

"भाजत नाही गं या खेपेला." ते कान देऊन काहीतरी ऐकत होते. "गर्दी आहे तिथे. केवढे जण... हात, पाय, कुणाकुणाचे. सगळ्यांना उठायची घाई झालीय."

मी त्यांचा हात घट्ट धरला. तो गार पडत चालला होता. मी नर्सला हाक मारली, नर्सनं डॉक्टरांना. त्यांनी जमेल ते सगळं केलं आणि मग एकेक करून बाहेर गेले.

नवरा आला तेव्हा त्याच्या शर्टाला धुराचा वास होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. तरीही तो खाटेपाशी गेला, वाकला आणि बाबांच्या कानाशी तोंड नेलं.

"बाबा, मी उभा होतो. पूर्ण होईपर्यंत. भट्टीचं दार त्यांनी माझ्यासमोर लावलं, माझ्यासमोर उघडलं. खरं सांगतोय."

बाबांना ते आधीच कळलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. तो सांगत राहिला, आणि मी त्याला सांगू दिलं.