अर्ध्या तासाचा काटा

"काका, हा चौथा काटा कोणीतरी चुकीचा बसवलाय. दोन खुणांच्या मध्येच अडकलाय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, डिफेक्ट आहे. सरळ करून द्याल?" केदारने घड्याळ काउंटरवर ठेवलं. शेजारी त्याची आई, सुमेधाबाई, उभ्या होत्या.

सुधीर नेन्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि त्यांना हसू फुटलं. डोंबिवलीत जिन्याखालच्या या टीचभर दुकानात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. हल्ली गिऱ्हाईक येतं ते सेल बदलायला, नाहीतर पट्टा घ्यायला. पण हा काटा त्यांनी लगेच ओळखला.

"डिफेक्ट कसला रे? मीच बसवलाय. तुझ्या बाबांनी सांगितलं म्हणून."

केदारचे बाबा, मधु आठल्ये, बोटीवर इंजिनियर होते. दोन देशांच्या वेळा एकदम दाखवणारी ही घड्याळं निघाली विमानवाल्यांसाठी, मग बोटीवाल्यांनीही ती हातावर चढवली. तासकाटा दाखवणार बंदराची वेळ आणि दिवसातून एकदाच फिरणारा चौथा काटा घरची. मिनिटकाटा मात्र दोघांत एकच. जगात कुठेतरी, आपल्या भारतासारखा, अर्ध्या तासाचाही फरक असतो, हे बनवणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. नेन्यांनी उपाय काढला. काटा उपटायचा आणि दोन खुणांच्या मधोमध बसवायचा. त्या काळी पार ठाण्याहून बोटीवाले एवढ्यासाठी त्यांच्याकडे येत. आयुष्यात आपण एकदाच डोकं चालवलं, असं नेने म्हणत, पण आतून त्यांना त्याचा फार अभिमान होता.

"हे पत्रात लिहायचे," सुमेधाबाई म्हणाल्या, "आत्ता तू कुकर लावला असशील. पत्र यायचं महिन्याने. पण खरं असायचं हो. त्या वेळी मी रोज कुकरच लावायची."

केदार ओशाळला. "मला हे कोणी सांगितलंच नाही. पण आई, आता त्याचा उपयोग काय? बाबा गेले, घर विकलं. बारा दिवसांनी तू माझ्याबरोबर टोरंटोला येतेयस. इथे कुकर कोण लावणारे?"

त्याचं चुकत नव्हतं, तरी नेन्यांना ते लागलं. त्यांनी चिमटा उचलला.

"काढू का मग, वहिनी?"

"नको. राहू दे तसाच."

"अगं, पण बघणार कोण?"

"मी. ते बोटीवर असायचे तेव्हा मी इथे होते. आता बोटीवर मी निघालेय."

"आई, घरात कोणी नसणारे."

"ठाऊक आहे मला. पण साडेसहाला नळाला पाणी येणार, चारला शेजारच्या कमळाबाई दारात भाजी निवडत बसणार. ते काय थांबणारे? मला कळायला नको?"

नेन्यांनी पट्ट्याला एक भोक पाडलं, मग दुसरं. तिसऱ्या भोकाला घड्याळ सुमेधाबाईंच्या मनगटावर बसलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग हातातल्या.

"हा चौथा काटा तर अर्ध्या तासाने चुकतोय."

"इथे आहात तोवर मिनिटकाटाही इथलाच, मग चुकणारच, वहिनी. डोंबिवलीची बरोबर वेळ तो लांब गेल्यावरच दाखवतो."

"मग चुकू दे अजून बारा दिवस," त्या म्हणाल्या, आणि केदारचा हात धरून पायरी उतरल्या.