उलट्या दातांची करवत

मी करवत बोलतेय. दात माझे उलटे आहेत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मागाहून हसाल.

माझा जन्म सावली तालुक्यातल्या एका गावातला, मुखरूभाऊ सुतारांच्या घरामागच्या सपरीत, म्हणजे कामाच्या छपरीत. त्याआधी मी आरागिरणीतल्या पात्याचा तुटका तुकडा होते, गंज खात पडलेला. मुखरूभाऊ मोहाच्या झाडावरून पडले आणि त्यांचा उजवा खांदा कामातून गेला. करवत पुढे ढकलली की कळ थेट मस्तकात जायची. शेवटी रागाच्या भरात त्यांनी सगळी हत्यारं वाटून टाकली आणि सपरीकडे पाठ करून बसले. लाकडाचं नावही काढू देत नसत. हे गप्प बसणं त्यांच्या बायकोला, इंदुताईंना, आतून खात होतं. हलकीशी करवत हातात दिली तर माणूस उठेल, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि गिरणीवाल्याकडून त्यांनी मला मागून आणलं.

मग काय, माझे हाल सुरू! छिन्नीनं कापलं, विटेच्या चुऱ्यानं घासलं, मोडक्या नांगराची मूठ बसवली. इंदुताई जमिनीवर बसल्या, मला दोन फळ्यांत धरून पायांनी दाबलं आणि तिकोनी कानशीनं दात पाडले. एक डावीकडे वाकवला, एक उजवीकडे. बाई गं, काय त्या कळा! पण रूप आलं.

शेजारचा नथ्थू सुतार बघायला आला आणि पोट धरून हसला. करवतीचे दात पुढे बघतात, माझे मुठीकडे बघत होते. इंदुताईंचा जन्म गेला धान कापायच्या विळ्यांना दात पाडण्यात. विळा ओढून कापतो, म्हणून त्याचे दात मुठीकडे; हात सवयीनं तसाच चालला.

“बाई, करवत बनवली का इळा?” नथ्थू म्हणाला.

इंदुताईंचं तोंड एवढंसं झालं. दात घासून टाकायला त्यांनी पुन्हा कानस उचलली. तेवढ्यात मुखरूभाऊ वळले.

“आन इकडे.”

ते खाली बसले. सागाची फळी पायाखाली धरली आणि मला स्वतःकडे ओढलं. खर्र! मी अशी काही चावले, की भुसा थेट त्यांच्या मांडीवर. पुन्हा ओढलं, पुन्हा. फळीचे दोन तुकडे झाले. मुखरूभाऊ खांदा चाचपत राहिले.

“ओढताना दुखून नाई राह्यला,” ते हळूच म्हणाले. इंदुताई डोळ्यांना पदर न लावता रडल्या. मी मात्र फुलून गेले होते, खोटं कशाला बोलू?

आता आमचे पाट-पोळपाट चामोर्शीच्या बाजारात जातात. परवा नथ्थूच म्हणाला, द्या, दात सरळ करून देतो. मुखरूभाऊंनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं.

“हे दात माह्या बायकोनं देले हायेत. असेच राहू दे.”

म्हणून माझं मागणं एवढंच. कधी मला हातात घेतलंत, तर ढकलू नका. जवळ ओढा. पुढचं मी बघून घेते.