मिस्तरीने दिलेली नोट

टाचणीला टाचणी हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलं होतं. सोफ्याचं कापड ताणताना ती चार टाचण्या ओठांत धरून बोलायची, आणि बोलायची तेही तसंच, टोचून. तिचा नवरा मिस्तरी. खुर्चीच्या पोटात काथ्या भरताना जसा हळू हाताने दाबावा लागतो, तसा तो जगाशी वागायचा. दोघं मिळून एक धड माणूस होतं, असं त्याची बहीण म्हणायची, आणि ती गमतीने म्हणत नसे.

दुकान मिस्तरीच्या बापापासूनचं, भाड्याच्या जागेत. पण कागदावर ते टाचणीचं होतं. मिस्तरीला कागदाचा कंटाळा. परवाना, कर, बँकेचं खातं, सगळं तिच्या नावावर. "कागदावर तू, गादीवर मी," असं तो हसत म्हणायचा. फोम कापायचं यंत्र हप्त्यांवर घेतलं तेव्हा कर्जही तिच्याच नावाने निघालं. ते यंत्र वर्षभरात जळलं. कंपनीची माणसं आली, यंत्र टेम्पोत घालून घेऊन गेली, आणि या दोघांना वाटलं, यंत्र गेलं म्हणजे हप्तेही गेले.

हप्ते कुठेही गेले नव्हते. काही वर्षांनी जागामालकाने जागा विकायला काढली आणि आधी टाचणीला विचारलं. ती बँकेत गेली. तिथल्या बाईने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. क्रेडिट रिपोर्टवर सगळं स्वच्छ होतं, फक्त तळाशी एका वसुली एजन्सीचं नाव लाल अक्षरांत बसलं होतं.

"हे कोण?" टाचणीने विचारलं.

"यंत्रवाल्या कंपनीने तुमची बाकी यांना विकली."

"माझी बाकी विकली आणि मला विचारलंही नाही?"

"विचारत नसतात. ही नोंद आहे तोवर आम्हाला कर्ज देता येणार नाही."

व्याज चढून ती बाकी इतकी फुगली होती, की ती भरली तर जागेच्या बयाण्याला काही उरलं नसतं. आणि जागा गेली तर दुकान रस्त्यावर. टाचणी वकीलबाईंकडे गेली. त्यांनी तारखा पाहिल्या आणि सांगितलं, "कर्ज जुनं झालंय. थोड्याच दिवसांत त्याची मुदत सरेल. मग त्यांना कोर्टात जाता येणार नाही, आणि रिपोर्टवरची नोंदही मी काढायला लावीन. पण तोवर एक पैसा द्यायचा नाही. एक पैसा दिलात, की कर्ज मान्य केलंत असं होतं आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते."

जागामालक मुदत सरेपर्यंत थांबायला तयार झाला. टाचणीने घरी येऊन मिस्तरीला बजावलं, "कर्जापोटी काही भरायचं नाही. ऐकलंत?"

"ऐकलं," मिस्तरी म्हणाला. तो नेहमी ऐकायचाच.

मग फोन सुरू झाले. एजन्सीच्या माणसाचा आवाज असा गोड, की टाचणीने त्याचं नाव खडीसाखर ठेवलं. गोड खरी, पण दात पाडणारी.

"ताई, तुमच्यासारख्या कष्टाळू बाईचं नाव खराब झालेलं मला बघवत नाही."

"मग डोळे मिटून घ्या."

"अगदी थोडं भरा, ताई. तेवढंच मनाला समाधान."

"कोणाच्या?"

"तुमच्याच."

"माझ्या समाधानाचं मी बघते. काय सांगायचं ते लिहून पाठवा."

टाचणी बधत नाही असं दिसल्यावर खडीसाखरेने आजूबाजूला दात लावले. शेजारच्या न्हाव्याला फोन गेला, कापडवाल्याला गेला, आणि शेवटी नणंदेला. नणंद दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर. उसवायला काढलेल्या कोचावर ती स्प्रिंगा चुकवून टेकली.

"वहिनी, आमच्या घराच्या दारावर कधी वसुलीवाला आला नव्हता. तुम्ही आलात आणि मागून तोही आला."

"तो फोनवर आला, वन्सं. दारावर तुम्ही आलात."

"दादा, ऐकतोयस ना? नाक कापलं हिने आपलं."

दादा काथ्या पिंजत राहिला. पण त्याचे कान लाल झाले होते, आणि टाचणीने ते पाहिलं असतं तर पुढचं टळलं असतं. ती नणंदेकडे बघण्यात गुंतली होती.

त्याच आठवड्यात टाचणी कापड आणायला गेली असताना खडीसाखर स्वतः दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, बगलेत पिशवी. दोन बायका रेक्झिनचा रंग निवडत होत्या. त्यांच्या समोर त्याने आवाज चढवला. "मिस्तरी, लोकांचे सोफे शिवता आणि लोकांचे पैसे बुडवता?" एका बाईने हातातला तुकडा खाली ठेवला.

आता मिस्तरीच्या दुकानाची एक रीत होती, बापापासूनची. भांडणारा माणूस दुकानात उभा असेल तर गिऱ्हाईक पायरी चढत नाही. म्हणून सुतळीवाला ओरडत आला, हमाल ओरडत आला, की त्याच्या हातावर काहीतरी टेकवायचं आणि वाटेला लावायचं. देणं खरं की खोटं, ते निवांत बघता येतं. मिस्तरीने गल्ल्यातून एक नोट काढली. वारभर रेक्झिनही आलं नसतं तिच्यात.

"हे घ्या आणि निघा."

खडीसाखर एकदम मऊ झाला. पिशवीतून पावतीपुस्तक निघालं. "दुकान तुमचंच ना, काका?"

"माझंच. बापापासून."

"मग इथे सही करा."

टाचणी परत आली तेव्हा पावती कात्रीखाली ठेवलेली होती.

"अहो, हे काय?"

"आला होता तो. दोन गिऱ्हाइकं समोर उभी. तोंडावर नोट मारली आणि घालवला."

"मी काय सांगितलं होतं?"

"कर्ज भरू नका म्हणालीस. मी कुठे कर्ज भरलं? मी माणूस घालवला."

टाचणीने हातातलं कापडाचं गाठोडं जमिनीवर टाकलं. "तुमच्या बापाने हमाल घालवले, सुतळीवाले घालवले. हा सुतळीवाला नव्हता!"

"बापाचं नाव घेऊ नकोस."

"घेणार. त्याचीच रीत चालवलीत ना? आता मुदत पुन्हा पहिल्यापासून. जागा गेली. मिरवा आता ती रीत रस्त्यावर बसून!"

"नाक कापलं म्हणून बहीण रडली माझी..."

"रडली? ती तर पोटभर हसून गेली."

त्यानंतर दोघं बोलेनासे झाले. एकाच खुर्चीला दोन बाजूंनी खिळे मारायचे, आणि ठोक्याला ठोका असा द्यायचे की न्हावी म्हणाला, "त्या खुर्चीचा काय दोष?" कोणी हसलं नाही.

वकीलबाईंनी पावती उलटसुलट पाहिली.  मग म्हणाल्या, "कर्ज तुमचं. दुकान तुमचं. नोट दिली कोणी?"

"नवऱ्याने."

"तुमच्या वतीने पैसे द्यायचा अधिकार तुम्ही त्यांना दिला होता?"

"नवरा आहेत ते माझे."

"नवरा असणं म्हणजे मुखत्यार असणं नव्हे. अधिकार नसलेल्या माणसाने दिलेल्या पैशाने तुमचं कर्ज जिवंत होत नाही. पण हे त्यांनी स्वतः सांगायला हवं, सही करून. दुकान माझं नाही, दुकानाच्या पैशावर माझा हक्क नाही, असं."

टाचणीने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. मिस्तरी जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

"म्हणजे मी सांगायचं, दुकान माझं नाही."

"कागदावर नाहीच."

"कागदाचं मी विचारत नाही. तू सांग. दुकान कोणाचं?"

"आधी राहू दे तर. मग ठरवू कोणाचं ते."

हे उत्तर नव्हतं, हे तिलाही कळलं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

एजन्सीचं ऑफिस एक जिना चढून वर होतं, खाली झेरॉक्सचं दुकान. खडीसाखरेने त्यांना बसायला खुर्च्या दिल्या. खुर्च्यांचं रेक्झिन फाटून फोम बाहेर आला होता. मिस्तरीचं बोट सवयीने त्या फटीवर गेलं आणि त्याने ते मागे घेतलं. वकीलबाईंनी लिहून दिलेला कागद टाचणीने टेबलावर ठेवला.

खडीसाखरेने तो वाचला. गोडवा उतरला. "काका, त्या दिवशी मी विचारलं, दुकान तुमचंच ना? तुम्ही काय म्हणालात?"

"माझंच म्हणालो."

"मग आज?"

"त्या दिवशी खोटं बोललो."

"बरं. मग त्या दुकानात तुम्ही कोण आहात?"

 बापाने ज्या पाटावर बसवून मिस्तरीला पहिला टाका घालायला शिकवलं तो पाट अजून दुकानात होता. त्याने टाचणीकडे पाहिलं. ती आता काहीतरी बोलेल, सावरून घेईल, असं त्या नजरेत होतं.

खडीसाखरेने पेन टेबलावर वाजवलं. "कोण आहात, काका? आठवत नाही?"

"रोजावरचा कारागीर आहे," टाचणी म्हणाली. "गल्ल्याला हात लावायची त्याला परवानगी नाही. माझ्या पाठीमागे लावला. लिहून घ्या."

लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत तिने त्याला कधी एकेरी संबोधलं नव्हतं. खडीसाखरेच्याही ते ध्यानात आलं. त्याने मान खाली घालून लिहून घेतलं. मिस्तरीने सही केली. जिना उतरताना तो तिच्या पुढे गेला आणि मागे वळून पाहिलं नाही.

औषध लागू पडलं. एजन्सीने थोडे दिवस फणफण केली, दोन धमकीची पत्रं पाठवली, वकीलबाईंनी दोन्हींना उत्तरं दिली. मुदत सरली. क्रेडिट रिपोर्टवरून ते नाव उतरलं. बँकेने कर्ज दिलं, आणि जागेचा कागद टाचणीच्या नावाने झाला.

नणंद पेढे मागायला आली नाही. मिस्तरी रोज वेळेवर दुकानात येत होता, वेळेवर जात होता. गिऱ्हाइकाने भाव विचारला की म्हणायचा, "बाईंना विचारा." टाचणीला वाटलं, रुसलाय, आठ दिवसांत उतरेल.

जागेचा कागद झाला त्या संध्याकाळी मिस्तरीने हात धुतले, कपडे झटकले आणि तो तिच्या टेबलापुढे येऊन उभा राहिला.

"काय हवंय?" ती म्हणाली.

"रोज."

"कसला रोज?"

"आजवरचा राहू दे. आजचा दे. रोजावरचा कारागीर ना मी?"

"अहो, तिथे बोलावं लागलं ते बोलले. दुकान वाचलं ना?"

"वाचलं. तुझं दुकान वाचलं."

टाचणीने गल्ला ओढून उघडला आणि त्याच्याकडे सरकवला. "घ्या. हवे तेवढे घ्या, आणि घरी चला."

मिस्तरीने दोन्ही हात पाठीमागे नेले. "परवानगी नाही. तू मोजून दे."

"किती देऊ?"

"ते मालकाने ठरवायचं असतं."

टाचणी भाव सांगायला कधी अडली नव्हती. कोच बघितला की किंमत तोंडावर. आता गल्ल्यात हात घालून ती उभी राहिली, आणि मिस्तरी तिच्यासमोर, पैसे हातावर पडेपर्यंत हलायचं नाही असा, उभा राहिला.