कंदील जळला त्या विहिरीत

चंपतनं विहिरीत सोडलेला कंदील वर ओढला तेव्हा तो जळतच होता. ते पाहून त्याच्या बहिणीच्या, जयवंताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कंदील जळला, इहीर बरी!" लोक ओरडले. सीमेवरच्या जैनथकडच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलेलं. बंद विहिरीत वाईट हवा साचते. कंदील विझला तर निंबाचे डहाळे फिरवायचे, बादल्यांनी पाणी ओतायचं, आणि कंदील टिकला की माणूस खाली सोडायचा. हवेची परीक्षा झाली. दगडाची कोणी करायची? त्याचं कुणाला पडलंय!

एकोणीस वर्षांपूर्वी, तेव्हाही बरीच वर्षं बंद असलेल्या याच विहिरीत कंदील असाच जळला होता. चंपत आणि जयवंताबाईंचा बाप डोमाजी भिंतीतून पुढे आलेल्या दगडी पायऱ्यांवरून उतरला आणि खाली पडून मेला. पंचनाम्यात लिहिलं, दारूच्या नशेत पाय घसरला. डोमाजी सणासुदीला घ्यायचा, त्यामुळे सगळ्यांना पटलं. त्याच्या बायकोलाही, चंद्रभागेलाही. तिनं त्याचा फोटो पेटीत पालथा घातला. विहिरीवर फरशी टाकून गाव मोकळं झालं. आता सत्त्याऐंशी साली वस्तीच्या पंपासाठी ती उघडली होती आणि उतरणार होता डोमाजीचाच मुलगा.

जयवंताबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. सकाळी लोखंडी गळाला लागून विहिरीतला एक दगड वर आला होता. त्यांनी हातोडी मारली, तर आवाज आला भद्द. दुसऱ्या घावाला कड पिठासारखी झडली. काठावरचा दगड त्याच खाणीतला, पण त्यावर हातोडी नुसती खणखणत होती. फरक एवढाच, की एक उन्हात राहिला आणि दुसरा वर्षानुवर्षं त्या कोंडलेल्या हवेत घामेजला. त्या हवेतला कार्बन डायऑक्साइड ओलीत मुरला की पाणी आंबट होतं, आणि चुनखडीचे कण जिथे एकमेकांना धरून असतात तिथंच ते खातं. वरून दगड तसाच धडधाकट दिसतो.

"टीचरम्मा, पत्थर टेस्ट हुआ है," पंपाच्या कामावरचा इंजिनिअर हसून म्हणाला. "रिपोर्ट है मेरे पास."

"कौनसा पत्थर?"

"ऊपरवाला. सब एकही तो है."

"फिर पहले तुम उतरो!"

इंजिनिअरचं हसू मावळलं. चंपत मात्र ओशाळला. "अक्का, लोक पाहून राह्यले. मी काय भेकड हाय?"

"भेकड नाही, बैल हायेस! बापाच्याच वाटेनं चालला!" जयवंताबाईंनी रेतीचं पोतं ओढून आणलं. "हे तुह्या वजनाचं. पयले हे उतरू दे."

लोक कुरकुरले, पण दोराला हात लागले. पोतं एकेक करत तीन पायऱ्यांवर टेकवलं, काही झालं नाही. चौथीवर टेकवताच दगड काड्कन भिंतीलगत तुटला. तळातून पाण्याचा आवाज उशिरानं आला. चंपत काठापासून मागे सरकला.

"पुराना पत्थर था," इंजिनिअर कागद काढत पुटपुटला. "लिख देते हैं."

गर्दीतून चंद्रभागा काठाशी आली. कंदील खाली सोडून ती वाकून पाहू लागली. ताज्या तुटलेल्या जागेखाली आणखी एक पायरी नव्हतीच, भिंतीत नुसता जुना, काळवंडलेला तुटका बुंधा होता. सकाळपासून ती रिकामी जागा सगळ्यांनी पाहिली होती आणि एकानंही विचारलं नव्हतं.

"जया," ती म्हणाली, "मानूस घसरला म्हनतात. मंग दगड काऊन घसरला?"

बापाची पायरी! ती जागा जयवंताबाईंनाही आत्ताच दिसली होती, आणि सगळ्यांत जास्त राग त्यांना आता स्वतःचाच आला.

"एकोनीस वर्सं मी त्याले शिव्या देत राह्यली," चंद्रभागा म्हणाली. मग तिनं इंजिनिअरच्या हातातल्या कागदावर बोट आपटलं.

"लिव. डोमाजी दारू पेला नव्हता. पयले ते लिव, मंग तुहा पंप."