तीन फुगड्यांचं ऊन

आमच्या सासूबाईंना रिकामी बाटली बघवत नाही आणि भरलेला डबाही बघवत नाही. चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फ्रिजमधला माझा काळा डबा काढला, त्यातलं हिरवं केमिकल काचेच्या बाटलीत ओतलं, बाटली खिडकीत ठेवली आणि डबा घासून त्यात नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, भरल्या.

मी किंचाळले ते पेडण्याच्या बाजारापर्यंत ऐकू गेलं असेल.

"आई, आधी त्या नेवऱ्या फेका!"

"कित्याक बोवाळ घालतंस गो?" सासूबाई म्हणाल्या. सत्यवती त्यांचं नाव, आणि आवाज नावासारखाच ठाम. "पावण्यांक नेवऱ्यो घालूक डबो व्हयो होतो. तुझां ता हिरवां काय टाकूक नाय, बाटलेत जपान ठेवलां. उजेडात दिसता पण किती बरां!"

उजेडात! नेमकं तेच तर नको होतं.

कपड्यावर छपाई करायची तर आधी लाकडी फ्रेमवर ताणलेल्या जाळीला हे केमिकल लावतात. काळोखात ते मऊ राहतं, ऊन लागलं की घट्ट बसतं; झाकलेला भाग तेवढा धुतला की मोकळा होतो आणि तिथूनच रंग कपड्यावर उतरतो. बस, एवढीच त्याची जादू आणि एवढीच त्याची खोड. दोन बाटल्यांतला माल एकत्र करून, बुडबुडे येऊ नयेत म्हणून श्वास रोखून ढवळून, मी ते आठवड्यापूर्वी तयार केलं होतं. काळ्या डब्यात, थंडाव्यात, महिनाभर टिकलं असतं. खिडकीत ते दोन तासांत संपलं. बाटली उलटी धरली तर आतून थेंब पडेना. म्हापशाच्या दुकानदाराला फोन केला, तर तो गावी चतुर्थीला, आणि मागे झांजांचा असा कल्लोळ की त्याला वाटलं मी आरतीची वेळ विचारतेय.

आणि दुसऱ्या दिवशी फुगडी स्पर्धा होती. आमच्या वाड्यावरच्या 'भिरभिरी फुगडी मंडळा'च्या बारा साड्यांच्या पदरांवर मंडळाचं नाव मला छापून द्यायचं होतं. मंडळाच्या म्होरक्या सुमंगलावयनी. म्हापशाचा छापखाना नको, आपली सुविधा (म्हणजे मी) छापेल, असं त्यांनी अर्ध्या बायकांशी भांडून ठरवलं होतं. उरलेल्या अर्ध्या अजून गाल फुगवून होत्या.

खरी धास्ती मात्र खोलीची होती. मी दिवचलची, लग्न करून इथे आले, कारखान्यातली पॅकिंगची नोकरी सोडली आणि मागच्या अंगाची बिनखिडकीची नारळांची खोली मागून घेतली. पिवळा दिवा लावला, फ्रेमा मांडल्या. लोकांना वाटलं, सत्यवतीच्या सुनेने आत काहीतरी देवदेवस्की मांडली आहे. सासूबाईंनी खोली देताना सांगितलं होतं, "चतुर्थीपर्यंत. मागीर नारळ परत भितर." आता बारा पदर कोरे राहिले असते तर कोणत्या तोंडाने मुदत मागणार? ती खोली गेली तर मीही संपले, असं मला अगदी खरंखुरं वाटत होतं.

एकच गोष्ट वाचली होती. एका फ्रेमला मी आदल्या संध्याकाळीच केमिकल लावून ती पंख्याखाली सुकत ठेवली होती. एक फ्रेम, एक संधी. ऊन कमी पडलं तर धुताना सगळं वाहून जाणार, जास्त झालं तर अक्षरं उघडणारच नाहीत.

दुपारी फ्रेमवर काळ्या अक्षरांची पारदर्शक फिल्म, तिच्यावर काच, आणि सगळ्यावर घोंगडी पांघरून मी अंगणात आले, तर बाराच्या बारा बायका हजर. कोणी नुसती बघायला, कोणी माझी फजिती बघायला. सासूबाई सगळ्यांच्या पुढे, अंबाड्यात ताज्या अबोलीचा ओला वळेसर, म्हणजे गजरा, माळून, जसं काही झालंच नाही.

भाद्रपदातलं आभाळ. ढग लपंडाव खेळत होते. मी मोबाईलवर चार मिनिटं लावली आणि लख्ख ऊन बघून घोंगडी ओढली. सासूबाई काचेवर ओणवून बघू लागल्या.

"आई, सावली! मागे व्हा!"

त्या मागे झाल्या. मी मोबाईल बघते तोवर ढग आला. थांबवायचं तर भलतंच कुठेतरी बोट लागलं आणि आकडे पुसले गेले. मी घोंगडी टाकली आणि तिथेच मटकन बसले.

"किती झालां?" सुमंगलावयनींनी विचारलं.

मी आकडे पुसलेला मोबाईल त्यांच्यापुढे धरला. रडूच फुटणार होतं.

"अर्धी फुगडी झाली," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"काय?"

"घोंगडी काढलंस तेव्हापासून मी मनात गाणां म्हणतंय. अर्धां झालां. तुझो मोबाईल मेलो तर मरूं दी."

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या बायका रोज दुपारी शेजारच्या मांडवात सराव करायच्या, आणि मी इकडे त्यांच्या आवाजात फ्रेमा उन्हात धरायची. कितीदा घड्याळ लावून पाहिलं होतं. त्यांचं गाणं तीनदा म्हटलं की बरोबर चार मिनिटं!

"तीन फुगड्या!" मी ओरडले. "आई, अजून अडीच! पण उन्हातच गायचं!"

"ढग गेलो!" कोणीतरी बोंबललं. मी घोंगडी ओढली, सासूबाईंनी खणखणीत सूर लावला आणि बायकांचे पाय कुठले राहतायत! सहा जोड्यांनी हात गुंफले आणि अंगणात सहा भिंगऱ्या फिरू लागल्या.

"ढग इलो!"

गाणं बंद, घोंगडी बंद, फुगड्या बंद. पण फिरती फुगडी एकदम थांबते होय? दोघी तुळशीवर, दोघी दोरीवरच्या कपड्यांत, सुमंगलावयनी थेट माझ्या अंगावर.

"ऊन इलां!"

पुन्हा सगळ्या उठून सुरू, जिथे गाणं तुटलं होतं नेमक्या त्याच शब्दापासून. असं चारदा झालं. माझा नवरा साईश आतून धावत आला, बारा बायका आभाळाकडे बघत पुतळ्यासारख्या उभ्या दिसल्या आणि काही न विचारता परत गेला. शेवटच्या फेरीला तर गुडघे धरून बसणाऱ्या सासूबाईंनी माझेच हात पकडले. गाता गाता त्या फिरत होत्या, मी आभाळाकडे बघत फिरत होते, आभाळही फिरत होतं, आणि मला हसू आवरत नव्हतं.

"झाली!" सासूबाई म्हणाल्या. मी झोकांड्या खात घोंगडी टाकायला वळले आणि जागच्या जागी गार पडले.

काचेवर, कोपऱ्यात, अबोलीचं एक फूल चिकटून बसलं होतं. सासूबाई ओणवल्या तेव्हाच पडलं असणार. केशरी रंगातून कामाचा उजेड जात नाही, म्हणून तर मी खोलीत पिवळा दिवा लावते. फुलाखालचं केमिकल कच्चंच राहिलं असणार.

कोणाला काही न बोलता मी फ्रेम विहिरीकडे नेली, पाण्याने भिजवली, थोडी थांबले आणि पाईप धरला. आधी 'भि'ची वेलांटी उघडली. मग 'र'. मग एकेक अक्षर स्वच्छ, काठ न काठ शाबूत. शेवटी कोपऱ्यातलं हिरवं विरघळलं आणि तिथे पाकळ्या उमलल्या. देठासकट.

पहिल्या पदरावर छाप उठला तेव्हा सगळ्या त्यावर ओणवल्या. हिरव्या साडीवर पांढरं नाव आणि नावाशेजारी पांढरी अबोली.

"फूल कोणी काढलां गो?" सुमंगलावयनींनी विचारलं. "आमी तर सांगूक नाय होतां."

सासूबाईंचा हात अंबाड्याकडे गेला. "माझां ता," त्या म्हणाल्या, आणि ऐन साठीत लाजल्या.

स्पर्धेत मंडळाचा दुसरा नंबर आला. पहिला का नाही, यावरून वाड्यावर अजून भांडण चालू आहे. पण मांडवातल्या बायका पदर उलटेपालटे करून फूल बघत होत्या आणि सासूबाई प्रत्येकीला सांगत होत्या, "आमच्या सुविधान छापलां."

चार दिवसांनी साईशने म्हापशाहून केमिकलच्या नव्या बाटल्या आणल्या. मी खोलीत गेले, तर नारळ आत नव्हते. शिडी लावून सगळे माळ्यावर चढवलेले. माझ्या टेबलावर घासूनपुसून ठेवलेला काळा डबा, रिकामा. शेजारी ताटात मांडून ठेवलेलं एक जास्वंदीचं फूल, हळदीचं पान, नेच्याची फांदी आणि सासूबाईंची शिंगाची फणी.

डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात अंगणातून हाक आली.

"सुविधा, ऊन इलां गो! गाणां सुरू करू मां?"

मी अजून बाटलीचं बूचसुद्धा उघडलं नव्हतं. त्यांनी सूर लावला होता.