भिंतीकडची बाजू

दोरीच्या आत घंटेच्या आकाराची, काळवंडलेली वस्तू दिसतेय ना, ती मी बोलतेय. मी अवकाशकुपी. दोन माणसांना पोटात घेऊन वर गेले आणि दोघांना धडधाकट खाली आणलं. आता या संग्रहालयात दहा ते पाच फोटो काढून घेते.

लोक मला नखशिखांत यंत्रानं घडवलेली समजतात. पण माझ्या अंगावरची एकेक टाइल हातानं चिकटवलेली आहे. परतताना हवेशी झटापट होऊन जो जाळ उठतो, तो या टाइल्सनी झेलायचा. एका लांबट खोलीत दहा बायका हे काम करत. गोंद कालवला की दहा मिनिटांत टाइल बसवून दाबायची. उघडा हात लावायचा नाही, बोटांच्या घामानं पकड सैल होते, असा सक्त नियम होता.

त्यांतल्या सगळ्यांत लहान मुलीला सगळ्या चिमणी म्हणत. तिला काम शिकवलं शेजारी बसणाऱ्या थोरलीनं. "माझी एक जरी टाइल निघाली ना, तर नाव बदलीन," हे थोरलीचं रोजचं पालुपद.

एके दिवशी चिमणीचा हातमोजा टरकन फाटला. दुसरा आणायला जावं, तर गोंद आळत चाललेला. तिनं मोजा काढून टाकला, उघड्या अंगठ्यानं टाइल दाबून धरली आणि याची वाच्यता कुणाजवळच केली नाही. तो उघडा अंगठा मला जाणवला होता.

मी परतल्यावर अहवालात एकच ओळ आली: दोन टाइल्स गळाल्या, धोका झाला नाही. कोणत्या, ते कुणी लिहिलं नाही. त्या ओळीनं चिमणीच्या जिवाला कायमचा घोर लागला. आत दोन माणसं होती, आणि तिनं नियम मोडला होता.

इथे आणल्यावर माझी बरी बाजू लोकांकडे केली, गळालेल्या टाइल्सच्या खड्ड्यांची भिंतीकडे. फोटोला उभी राहताना माणसंही तेच करतात.

गेल्या आठवड्यात चिमणी आली. केस पांढरे, सोबत लेक.

"आई, इथून फोटो मस्त येतोय. हस की जरा!"

"मला मागची बाजू बघायचीय."

"मागे काय आहे? भिंत!"

चिमणीनं दोरी उचललीच होती. रखवालदार धावला. "आजी, आत नाही जायचं."

"अहो, हिच्या टाइल्स मी चिकटवल्यात."

"तुम्ही टाइल्स. सकाळी एकजण म्हणाले, इंजिन त्यांचं." तो हसला, पण तिचा चेहरा बघून नरमला. "फोनची काठी आहे ना? लांबूनच घाला. हिला धक्का लागता कामा नये."

पहिल्या फोटोत विजेचं बटण आलं, दुसऱ्यात रखवालदाराचा कान. तिसरा स्वच्छ आला. चिमणीनं तो दोन बोटांनी मोठा केला आणि ओळीतल्या टाइल्स मोजू लागली. "पाच, सहा... सात. ही माझी." टाइल कोळशासारखी झाली होती, पण जागची हलली नव्हती.

मग चिमणीनं लेकीला हातमोज्याची गोष्ट सांगितली. लेक म्हणाली, "एवढंच? आणि इतकी वर्षं कुढत बसलीस?" तिनं फोटोवर बोट ठेवलं. "मग शेजारचा हा खड्डा कुणाचा गं?"

चिमणीनं पुन्हा मोजलं. "आठवी थोरलीची होती."

"दोन वर्षांपूर्वी गेल्या त्या? शेवटपर्यंत सांगायच्या ना, माझी एकही..."

"पुसून टाक तो फोटो."

"आई! तीन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून आलो ते यासाठीच ना?"

"माझं बघून झालं. तू सगळे फोटो थोरलीच्या मुलीला पाठवतेस. पुस आधी."

लेकीनं पुसला. मग चिमणी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि न सांगता हसली.

तुम्हाला हे सांगितलं, कारण तुम्ही थोरलीला ओळखत नाही. तिचा हात वाईट नव्हता. जाळ कुणाचा हात ओळखत नाही, एवढंच. फोटो हवे तितके काढा. पण आत बसलेल्या दोघांची आठवण काढताना त्या खोलीतल्या दहाजणींचीही काढत जा, खड्ड्यांसकट.

आणि कधी थोरलीची मुलगी इथे आलीच, तर तिला समोरच उभी करा. सांगा, उजेड इकडेच चांगला आहे.